सोलापूरची पोरगी आसरा झाली तर? (दीर्घकथेच्या नायिकेसाठी मदत हवीय)

कांडीवाली (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. माझी दीर्घकथा काहींनी वाचली असेल, नसेल वाचली तरी अडत नाही, थोडक्यात सांगते आणि मग गाडी कुठं रुतलीय ते सांगते.

नायिका रेणुका, वय सव्वीस, पूर्व भागातली, घरात तेलुगू आणि दारात मराठी. बी.कॉम. झालीय, एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. एका बंद पडलेल्या मिलच्या आवारात जुनी विहीर आहे, मिलचं नाव कथेत मुद्दाम घेतलेलं नाही, सोलापूरकरांनी आपापली मिल घालून वाचावी. तिथं भंगाराच्या मोजणीला म्हणून ती जाते. काठावर शेंदूर फासलेले सहा दगड ओळीनं बसलेत आणि सातवा आडवा पडलाय. ती तो उचलून सरळ करते, बोटांना शेंदूर लागतो, कर्मकांड म्हणाल तर एवढंच. त्या रात्रीपासून साती आसरांमधली, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांमधली, सातवी ती.

शक्ती काय, तर पाणी कळतं. रस्त्याखालची पाइपलाईन तिला चपलेतून कळते, कुणाच्या टाकीत किती आहे ते भिंतीला हात लावून सांगते, आणि हाक मारली की पाणी येतं.

चार भाग मस्त झाले. पाचव्यात सोमवार उजाडतो आणि तिला कामावर जायचंय, इथंच सगळं अडलंय. बाहेरच्या शहरी फँटसीत बाई बदलली की जाकीट घालून रात्रीची शिकारीला निघते, स्वतःचा फ्लॅट असतो, आईबाप एकतर नसतात नाहीतर दुसऱ्या गावाला असतात. आमची रेणुका रात्री अकराला बाहेर पडली तर कन्ना चौकात पोचायच्या आत कुणाचा तरी मामा भेटणार आणि घरी फोन जाणार. दोन खोल्यांचं घर, त्यात पाच माणसं, एक मोरी. अशा घरात माणसानं जादुई व्हायचं तरी कुठं?

तर प्रश्न असे की तिनं घर सोडून तलावाकडं जावं का, आईला सांगावं का, आणि स्थळं येतायत त्याचं काय करायचं. बिनधास्त लिहा.

पहिली_बाकडी
पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! चौथ्या भागाचा शेवट वाचून मी घरातला नळ बंद आहे का बघून आले.

शेंगाचटणी
अगं बाई, सोलापुरात जिनं हाक मारल्यावर पाणी येतं तिला कसली अडचण, तिला लोक बिनविरोध नगरसेवक करतील. आमच्याकडं आज पाणी आलं की पुढचं चार-पाच दिवसांनी, तेपण रात्री दोनला की पहाटे चारला हे फक्त चावीवाल्याला माहिती, आणि त्याचा फोन बंद. लग्नाच्या तारखा आम्ही पाण्याच्या दिवसावर बसवतो, खोटं वाटत असेल तर कुठल्याही सोलापूरकराला विचारा. त्यामुळं स्थळांचा प्रश्नच मिटला. मुलगी गोरी आहे का, स्वयंपाक येतो का, काही विचारणार नाहीत, थेट बैठकीला बसतील.

मधला_मारुती
ताई लई भारी लिहूलालाव तुम्ही. पण व्हिलन कुठाय बे? एक टँकरवाला टाका, काळी काच, काळी गाडी. आणि नान्नजचा लांडगा घ्या ना, माळरानावर खरंच लांडगे आहेत, रात्री माणूस दिवसा लांडगा असला एखादा हिरो. लव्हस्टोरीपण होऊन जाईल.

माळरान
नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य केलं १९७९ साली. आता तिथं काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा दिसतो, आणि माळढोक दिसला तर तोच खरा जादुई प्राणी समजा. लांडग्याला हिरो करायला माझी हरकत नाही पण तो साखर पेठेत येऊन काय खाणार एवढं सांगा.

मधला_मारुती
शीक खाईल की.

कांडीवाली
हाहा. लांडगा सध्या वेटिंगवर. टँकरवाला व्हिलन मी आधी लिहून बघितला होता, पण तो आला की कथा त्याचीच होऊन बसते, सगळा राग त्याच्यावर काढून आपण मोकळे. मला रेणुकाचं घर बघायचंय.

सरस्वतीअक्का
मी इथं कमी लिहिते पण हा धागा आमच्या दारातला निघाला म्हणून टाइप करतेय, चुका पोटात घाला.

आम्ही पद्मशाली, तेलुगू विणकर समाज, तीन पिढ्या इथंच. माझी सासू विड्या वळायची, मीपण वळल्यात. तू लिहिलंस की आई विड्या वळते, पण मग त्याचा वापर कर ना गं. तेंदूची पानं पाण्यात भिजवायची, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मऊ झाली की पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायची. ओल एवढीच पाहिजे की पान वळताना फाटू नये. तंबाखू मात्र कोरडीच लागते. वळून झाली की दोऱ्यानं बांधायची, मग तोंड दुमडायचं, आणि दुसऱ्या दिवशी विडी कंपनीच्या ब्रँचला नेऊन द्यायचं. तिथला माणूस बंडल हातात घेतो, दाबतो, आणि नरम लागलं की छाट काढतो. छाट म्हणजे तेवढ्या विड्यांचे पैसे गेले, आणि विडी पण गेली.

आता तुझी रेणुका संध्याकाळी कामावरून येऊन आईशेजारी बसून हातभार लावणार, सगळ्या पोरी लावतात. तिच्या हातात पाणी. सूप मांडीवर घेतलं की तंबाखू दमट. आईला आधी वाटणार पावसाळी हवा आहे, मग वाटणार पोरीला घाम येतोय, मग एक दिवस ब्रँचमधून अख्खी थप्पी परत येणार आणि आई काही न बोलता रेणुकाच्या मांडीवरचं सूप उचलून आपल्याकडं घेणार. पोरीला हातानं बाजूला सारलं. आईला सांगावं का असं विचारतेस ना, सांगायची वेळच यायची नाही, आईला हातावरून कळलेलं असणार.

आणि आसरांना आमच्याकडं घाबरतात तसं जपतातपण. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात. बाळंतीण पहिल्यांदा पाणी भरायला निघाली की आधी पूजा. तेव्हा आई रडूनओरडून गोंधळ घालेल असं लिहू नकोस. ती दहीभात करेल आणि पोरीच्या ताटात वाढायचा की विहिरीवर नेऊन ठेवायचा ह्यात तिचा गोंधळ होईल.

शेंगाचटणी
अक्का तुम्ही कमी का लिहिता?

कांडीवाली
अक्का, तो दहीभात मी घेतेय, तुम्हाला न विचारता घेतलाच असता, आता विचारून घेते. आणि ते सूप उचलून घेणं वाचून मी लॅपटॉप मिटला थोडा वेळ.

विवेकी_वाचक
मला जरा वेगळं बोलायचंय, रागावू नये. आसरानं ओढून नेली, आसरा लागली, ही वाक्यं गावाकडं कुणाबद्दल बोलली जायची? विहिरीत पडलेल्या बायकांबद्दल. नव्या सुना, नाहीतर माहेरी परत पाठवलेल्या मुली. तिनं उडी का मारली हे विचारायला लागू नये म्हणून आसरा बरी पडायची, सासरचेही सुटले आणि पोलीस पाटीलही सुटला. तुमची कथा गोड चाललीय, पण त्या सहा दगडांमागं कोण आहेत ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही. दंतकथा म्हणून सजवायच्या आधी हा हिशेब बघा.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कथा आजची असेल तर तो कथेत असलाच पाहिजे.

मधला_मारुती
झालं, आला कायदा. आता लांडग्याला पण आधार कार्ड लागणार.

होटगीरोडकर
विवेकी, चांगला मुद्दा, पण कायदा नायिकेच्या बाजूनं पण वापरता येतो ना. गल्लीत कुजबुज झाली की कुणीतरी देवऋषी घेऊन येणारच, की पोरीला झाडू मारून उतरवतो. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं त्या कायद्यानं गुन्हा आहे. आता इमॅजिन करा, खरीखुरी आसरा जेलरोड पोलीस ठाण्यात बसून अंधश्रद्धेविरोधात तक्रार लिहून देतेय, आणि हवालदार विचारतोय की मॅडम तुमच्या अंगात काही आहे का, आणि ती म्हणते नाही. ह्या एका सीनसाठी मी पैसे देऊन वाचेन.

विवेकी_वाचक
हे आवडलं. फक्त उलट बाजू पण लक्षात ठेवा, चमत्काराचा दावा करून लोकांकडून पैसे उकळणंही त्याच कायद्यात बसतं. म्हणजे शेंगाचटणी म्हणतात तसं तिनं पाणी आणून द्यायचा धंदा मांडला तर तीच आत.

धोटा
आमचा लूमचा धंदा आहे, आता चादरी कमी, टॉवेल जास्त. कुणी वडिलांच्या कामाबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो.

सुताला दमट हवा लागते. कॉटनचं सूत कोरड्या हवेत कडक होतं आणि तुटतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूर त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेलं की शेडमध्ये ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एक दोरा तुटला, जोडला, तोवर दुसरीकडं तुटला, कामगार नुसता माग थांबवून दोरे जोडत फिरतो. मोठ्या मिलमध्ये हवा ओली ठेवायची यंत्रणा असते, आमच्यासारखे लोक शेडमध्ये फरशीवर पाणी मारतात. म्हणजे पाणी असलं तर मारतात.

आता तुमची रेणुका वडिलांचा डबा द्यायला भर मेमध्ये शेडमध्ये येते आणि ती उभी आहे तोवर एकपण दोरा तुटत नाही. वडिलांना आवाजावरून कळेल. आम्हाला शेडच्या बाहेर उभं राहून कळतं कुठला माग थांबलाय. तिकडं सगळे माग एका दमात चाललेत म्हणजे काहीतरी गडबड आहे. आणि वडील पीस रेटवर असतील, जेवढा माल तेवढे पैसे. त्या आठवड्यात पगार जास्त येईल. पुढच्या आठवड्यापासून ते रोज डबा विसरून जातील.

कांडीवाली
धोटा!!! रोज डबा विसरतील. मेले मी.

म्हणजे बघा आता काय झालंय, तीच ओल आईचं नुकसान करते आणि वडिलांचा फायदा. एकाच घरात. आई हात बाजूला सारतेय आणि बाबा डबा विसरतायत. हे मला सात जन्मात सुचलं नसतं.

निवृत्त_नळ
मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली, सोलापुरात नाही, दुसऱ्या गावात, पण पाण्याचे नियम सगळीकडं सारखेच. धागा वाचून हसलो आणि मग कपाळावर हात मारला, कारण अजून एकाही माणसानं विचारलं नाही की रेणुकानं हाक मारल्यावर पाणी येतं कुठून.

उजनीतून शंभरच्या वर किलोमीटर लांब पाइपातून पाणी शहराकडं येतं, शुद्ध होतं, जलकुंभात चढतं, मग चावीवाला एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडतो. तासभर एक भाग, मग तो बंद करून दुसरा. कुंभात जेवढं आहे तेवढंच वाटायचं असतं. लाइनच्या सुरुवातीच्या घराला जोर असतो, शेवटच्या घराला टेल म्हणतो आम्ही, तिथं करंगळीएवढी धार. मधल्या कुणी नळाला थेट मोटर लावली की टेलला फुसफुस हवा. आता तुमची नायिका हाक मारते, तिच्या नळाला धो धो येतं. ताई, ती चालतीबोलती मोटर आहे. टेलच्या बाईच्या घागरीतलं पाणी तिनं ओढलं. जादूनं पाणी तयार होत असेल तर लिहा तसं, पण मग ती कथा सोलापूरची उरत नाही.

अजून एक. चार-पाच दिवस लाइन रिकामी असते तेव्हा ती नुसती रिकामी नसते. कुठं जॉइंट गळका असला आणि शेजारून गटार असलं की रिकामा पाइप बाहेरची घाण आत ओढतो. म्हणून पहिली काही मिनिटं गढूळ येतं आणि बायका ते सोडून देतात. तुम्ही म्हणता तिला पाइपलाईन चपलेतून कळते. मग पाण्याच्या दिवशी सगळ्यात आधी तिला काय कळेल? तिला उलटी होईल. दर पाण्याच्या दिवशी, पहाटे, पाणी गल्लीत पोचायच्या आधी. आणि अविवाहित पोरीला दर चार-पाच दिवसांनी पहाटे उलटी होते म्हटल्यावर शेजारणी काय समजतील हे मी सांगायची गरज नाही.

पहिली_बाकडी
बाप रे. स्थळांचा प्रश्न काकांनी मिटवला.

सरस्वतीअक्का
निवृत्त भाऊ बरोबर बोलले. आमच्या गल्लीत असंच होतं, कुणाकडं मोटर लागली की शेवटच्या घरातली म्हातारी काठी घेऊन दारोदार यायची आणि कान लावून ऐकायची. मोटरवाला आवाज लपवायला टीव्ही मोठा करायचा. रेणुकाकडं मोटरच नाही, आवाज नाही, म्हातारीनं काय ऐकावं?

होटगीरोडकर
सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा कुणीच कशी आणली नाही अजून? संक्रांतीच्या आसपास गावात सात नंदीध्वज निघतात, सात बरं का, आणि तुमच्या आसरापण सात. १३ जानेवारीला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, १४ ला संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग दारूकाम. होमाच्या रात्री वासराची भाकणूक असते, दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढं धान्य, खोबरं, बोरं वगैरे ठेवतात, ते कशाला तोंड लावतं, बुजतं का, ह्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. वासरानं मूत्र विसर्जन केलं तर पाऊस चांगला. आता गर्दीत मागं कुठंतरी रेणुका उभी आहे. वासरू समोरचं सगळं सोडून मान वळवून तिच्याकडं बघत बसतं. हजारो लोक. कुणाला काहीच कळत नाही, फक्त भाकणूक सांगणाऱ्याला कळतं की वासरू कुठं बघतंय.

माळरान
अंगावर काटा.

विवेकी_वाचक
अक्षता सोहळा आणणार असाल तर त्यामागची गोष्ट विसरू नका. कुंभाराची मुलगी सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणते, ते योगी, म्हणून तिचं लग्न योगदंडाशी लागतं, आणि मग ती होमात जाते. आजही कडब्याच्या पेंढीला साडी नेसवून होमात देतात. म्हणजे ह्या गावाला देवाशी नातं जुळलेली मुलगी नवी नाही, नवशे वर्षं झाली. त्या मुलीला गावानं मान दिला, पण तिला दुसऱ्या दिवशी सोमवार आला नाही. रेणुकाला येतो.

बाळीवेसकर
विवेकी, श्रद्धेचा विषय आहे, जरा जपून. आम्ही घरातले सगळे बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालतो.

विवेकी_वाचक
जपूनच लिहिलंय. मान दिला असंच म्हणालो आहे.

बाळीवेसकर
ठीक आहे. रच्याकने (बाय द वे), जुन्या आसरांपैकी एखादी त्या काळची असेल तर ती सोलापूर म्हणणार नाही, सोन्नलगी म्हणेल. आणि बोलेल कन्नडमध्ये. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्येच आहेत.

कांडीवाली
दोन दिवस ऑफिसमधून चोरून वाचत होते, आता नीट बसले.

विवेकी, तुमचा विहिरीचा हिशेब मी घेतलाय आणि त्यामुळं सहा जणी मला दिसायला लागल्या. विहीर मिलच्याही आधीची. सगळ्यात थोरली कन्नड बोलणारी, गावाला सोन्नलगी म्हणणारी, तिला अक्का म्हणतात सगळ्या. एक मिल उभी राहिली तेव्हाची, गावातली पहिली मोठी गिरणी १८७७ ची म्हणजे त्याच सुमाराची, ती सूतखात्यात होती. एक १९३० च्या मार्शल लॉच्या दिवसांतली, तिचा नवरा रस्त्यावर उतरला होता आणि ती विहिरीवर कशी आली हे ती सांगत नाही. एक अगदी अलीकडची, तिच्याकडं अजून कीपॅडचा मोबाईल आहे, चार्ज नाही. कुणालाच आसरानं ओढलेलं नाही. दरवेळी एक जागा रिकामी होती एवढंच. आणि रेणुका ही पहिली जी विहिरीत न पडता सातवी झाली, म्हणून त्यांना तिचं काय करायचं कळत नाहीये. तिला संध्याकाळी घरी जायचं असतं हे ऐकून त्या चक्रावतात. थोरली विचारते, घरी जाऊ देतात?

म्हणून ती तलावात वगैरे जाणार नाही. घरीच राहील. आणि निवृत्त काका, टेल. पाचव्या भागाचा तुकडा देते, कच्चा आहे:

"पाण्याचा दिवस होता आणि अडीच वाजून गेले तरी गल्लीत पाणी नव्हतं. आई मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती, नळाखाली लावलेली पिंपाची नळी हातात धरून. बाबा झोपले होते, सकाळची पाळी होती. रेणुकाचं पोट तासाभरापूर्वीच ढवळून गेलं होतं, म्हणजे पाणी कुठंतरी निघालं होतं. तिनं फरशीवर पाय टेकला. होतं. जोडभावी पेठेच्या वळणापर्यंत आलं होतं आणि तिथं कुणाची तरी मोटर लागली होती, सगळं तिकडं वळत होतं.

'आई, झोप तू. मी भरते.'

आईनं तिच्या हाताकडं बघितलं. मग नळी तिच्या हातात दिली आणि उठली. पडद्यामागं गेली पण आडवी झाली नाही, कारण बांगड्या वाजल्या नाहीत.

रेणुकानं हाक मारली. तोंडानं नाही. नळानं एक खाकरा काढला, आधी लालसर, मग पांढरं, मग स्वच्छ, आणि नळी हातातून उसळली. पिंप, बॅरल, दोन घागरी, कळशी, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा. तिनं कॉक बंद केला तेव्हा गल्लीत पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं, आलं गं पाणी.

सकाळी सातला मावशीचा फोन आला. आईनं स्पीकरवर लावला, हात तंबाखूत होते. मावशी म्हणत होती, आमच्याकडं आलंच नाही बघ, नुसती हवा, सुरसुर आवाज आला आणि बंद. टँकर सांगितलाय शेजारणीबरोबर अर्धा अर्धा. तुमच्याकडं?

आईनं पिंपाकडं बघितलं. काठोकाठ होतं.

'आलं थोडं,' आई म्हणाली."

शेंगाचटणी
आलं थोडं. हाय रे. माझी आई हेच म्हणते, सगळ्या फोनवर, टाकी भरलेली असली तरी.

पहिली_बाकडी
पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा), आणि पुढचा भाग टाक लवकर. आईला कळलंय हे रेणुकाला कळलंय का?

धोटा
बांगड्या वाजल्या नाहीत हे एकदम करेक्ट. आमच्या घरात कोण जागं आहे ते असंच कळतं. एक सुचवू का, आता तिनं वडिलांच्या शेडला जायचं बंद करून बघावं. वडील काही बोलणार नाहीत पण दोरे तुटायला लागतील आणि पगार परत खाली येईल. घरात ताण त्यानं पण वाढतो. न वापरलेल्या जादूचेपण पैसे कुणीतरी भरतंच.

सरस्वतीअक्का
छान झालंय बाळा. फक्त हात तंबाखूत असताना फोन स्पीकरवर कसा लावला? कोपरानं लाव म्हणावं, आम्ही कोपरानंच लावतो.

कांडीवाली
कोपर! घेतलं.

निवृत्त_नळ
तुकडा चांगला आहे. एक तांत्रिक शंका. मावशी राहते कुठं? मागच्या भागात तुम्ही तिला गोदूताई विडी घरकुलात ठेवलंय असं आठवतंय.

कांडीवाली
हो, विडी घरकुल. ती पण विडी कामगारच आहे ना, म्हणून. २००६ ला घरं मिळाली तेव्हा गेली असं दाखवलंय.

निवृत्त_नळ
मग जमत नाही. ते कुंभारीला, शहराच्या हद्दीबाहेर. दहा हजार घरांची वसाहत आहे ती. साखर पेठेत ओढलेलं पाणी तिथल्या नळातलं कमी होईल असं दाखवायला तुम्हाला मोठी कसरत करावी लागेल. एकाच जलकुंभावरची, एकाच व्हॉल्व्हखालची टेल पाहिजे. मावशीला जवळ आणा.

मधला_मारुती
काका तुम्ही पोरीच्या अंगात आसरा आली ते मानलं आणि व्हॉल्व्हवर अडलाव.

निवृत्त_नळ
आसरा मला बघायला मिळाली नाही. व्हॉल्व्ह बघितलेत.

सरस्वतीअक्का
भद्रावती पेठेत ठेव गं मावशीला. भाड्यानं. घरकुलातलं घर लेकाला दिलं आणि सुनेशी पटेना म्हणून परत आली, असं कर. घरोघरी तेच आहे.

कांडीवाली
चालेल, मावशी भद्रावती पेठेत, गल्लीच्या शेवटच्या घरात, भाड्यानं. आणि मग काठी घेऊन दारोदार कान लावत फिरणारी ती म्हातारी पण वेगळी नको, मावशीच फिरेल. बहिणीच्या दारापर्यंत येईल ती सहाव्या भागात. रविवारी टाकते, त्याच्या आत पाणी आलं तर.

होटगीरोडकर
आणि माझं वासरू?

कांडीवाली
वासरू जानेवारीत.